निळी झालेली झाडं

१४ मे

आई,

मायन्यापाशीच पेन अडलं होतं. ‘तीर्थरूप सासूबाईंस’ लिहिलं आणि खोडलं. मग आठवलं, तुमच्या मुलाचं आणि माझं लग्न मोडल्याच्या कागदावर तुमच्याबद्दल एक अक्षरही नाही. तेव्हा इतकी वर्षं जे म्हणत आले तेच लिहिते. आवडलं नाही तर वन्संना सांगा, त्या मला कळवतील. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, पण तुमची लेक बोलते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुम्हाला ठाऊक आहे हे वन्संनाही ठाऊक आहे. आपल्या घरात सगळं असंच चालायचं.

मी परदेशात आहे. सुट्टीवर. एकटी नाही, बरोबर सिस्टर आहेत. माझ्या शनिवारच्या शिवणवर्गात येतात त्या, रिटायर झालेल्या नर्स. त्यांचे टाके बघून तुम्ही कपाळावर हात मारला असता, पण प्रवासाला त्यांच्यासारखी सोबत मिळणार नाही. विमानात शेजारच्या माणसाला चक्कर आली, तर ह्यांनी त्याला आडवं केलं, पाय वर केले, नाडी बघितली आणि तो शुद्धीवर येईपर्यंत त्याचं जेवणही खाऊन टाकलं. ‘त्याला आता ते पचलं नसतं,’ म्हणाल्या.

आज बंदराजवळच्या एका जुन्या इमारतीत शिरलो. कापडांचं संग्रहालय. ऊन मी म्हणत होतं, सिस्टरना नुसती बसायला सावली हवी होती. आत दालनं, दालनांत काचेची कपाटं, कपाटांत झालरी, मोजे, कुणाकुणाचे झगे. मी भराभरा पुढे चालले होते. शेवटचं दार ढकललं आणि माझे पाय तिथेच थिजले.

समोर भिंत नव्हतीच. अरण्य होतं.

आई, विणलेलं अरण्य. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वरच्या फांदीला हात लागणार नाही, आणि रुंदी म्हणाल तर आपल्या पुढच्या खोलीपासून मागच्या अंगणापर्यंत. झाडांमागे झाडं, त्यांच्यामधून एक नदी, नदीवर वाकलेलं हरीण. आणि झाडं सगळी निळी. कुणाच्या डोक्यात आलं असेल निळं अरण्य? पण ते इतकं खरं वाटत होतं की मला वाटलं, आजवर पाहिलेली हिरवी झाडंच चुकीची होती.

जवळ गेले तर झाड नाहीच. नुसते धागे. एका पानात मी सात-आठ निळे मोजले आणि मग नाद सोडला. मागे सरकले की पान, पुढे गेले की धागे. असं किती वेळ केलं देव जाणे. शेवटी खालीच बसले, फरशीवर. तिथल्या पहारेकरणीने येऊन सांगितलं की बसायला बाक आहे. मी म्हटलं, बाकावरून इतकं मोठं दिसत नाही. तिने जरा विचार केला आणि निघून गेली.

भिंतीवर लिहिलं होतं की विणणारे मागच्या बाजूने विणत, आणि तेही आडवं टाकून. झाडं त्यांच्यासमोर झोपलेली असत. विणून झालेला भाग गुंडाळला जाई. आपण काय केलंय ते त्यांना संपूर्ण दिसायचं ते कापड मागावरून कापून उतरवलं की, त्याच दिवशी. वर्षानुवर्षं! मी मोठ्याने ‘अगं बाई’ म्हणाले, तेव्हा पहारेकरीण परत आली.

हे तुमच्याशिवाय कुणाला सांगायचं, मला कळेना. सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, ‘छान आहे, पण धूळ किती बसली असेल हो.’

माझं बरं चाललंय. वर्ग भरतो. सध्या मी स्वतः काय शिवतेय ते मात्र विचारू नका.

तुमची
(इथेही काय लिहायचं कळेना. राहू दे.)


१९ मे

आई,

सहलीत बघायचं खूप होतं. किल्ला, दीपगृह, काचेचा कारखाना. मी तीनदा त्याच दालनात जाऊन बसले. सिस्टर कंटाळल्या आणि खाली कॅन्टीनमध्ये जाऊन ओळखी करू लागल्या. त्यांना त्या देशाची भाषा येत नाही, इंग्रजी मोडकंतोडकं, पण तासाभरात त्या एका उंच, पांढऱ्या अंबाड्याच्या बाईंच्या टेबलाशी बसून तिच्या गुडघ्याची चौकशी करत होत्या. ती बाई निघाली संग्रहालयाच्या दुरुस्तीखात्याची प्रमुख. सिस्टरनी तिचं नाव ‘मेट्रन’ ठेवलंय. तिच्या तोंडावरच म्हणतात, आणि तिला ते आवडलेलं दिसतं.

मला वर बोलावणं आलं. मेट्रनने हात पुढे केला तो मला वाटलं हस्तांदोलनासाठी. तिला माझी पिशवी हवी होती. तीच, तुकडे जोडून केलेली, तुमच्या टेबलावर शिवलेली. तिने ती उलटी केली, आतला भाग बाहेर काढला, किल्ल्या-रुमाल सगळं टेबलावर सांडलं आणि शिवणीवरून नखं फिरवली. अगदी तुम्ही करता तशी. मला हसूच आलं.

‘कोणाकडे शिकलात?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, ‘घरी.’

ते अरण्य पुढच्या वर्षी खाली उतरवणार आहेत, धुवायला. खरंच, पाण्याने! तेव्हा बाहेरचे हातशिवणीवाले काही आठवडे मदतीला घेतात. मेट्रन म्हणाली, सुट्टी काढून येता का? सिस्टरनी माझ्या आधीच ‘येते’ म्हणून सांगितलं.

आई, ज्या दिवशी मी घर सोडलं त्या दिवशी तुम्ही दारात आलात आणि एवढंच म्हणालात, ‘कात्री ठेवून जा.’ मी ठेवली. तेव्हापासून स्वतःसाठी एक टाका घातलेला नाही. लोकांना शिकवते, त्यांचं उसवून देते, बस. आज परत येताना बाजारातून सुयांचं एक पाकीट घेतलं. का घेतलं, मला माहीत नाही.


२ ऑगस्ट, घरून

आई,

दोन्ही पत्रं मिळाल्याचं वन्संनी सांगितलं. ‘वाचली का?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘टेबलावर आहेत.’ ‘फेकली नाहीत ना?’ तर म्हणाल्या, ‘फेकली असती तर टेबलावर कशी असती?’ तुमचीच लेक.


११ एप्रिल, पुढचं वर्ष

आई,

मी परत आले आहे, अरण्यापाशी. वर्गाला सुट्टी दिली. सिस्टरही आल्या आहेत, ‘मेट्रनच्या गुडघ्यावर लक्ष ठेवायला.’

कारखान्याएवढी खोली आहे. उत्तरेकडे खिडक्याच खिडक्या, पण पडदे लावलेले, कारण उजेड हा ह्या कापडाचा वैरी. मधे टेबल नाही, टेबलांचं मैदान. त्यावर अरण्य पालथं घातलंय. पाठीवर जुनं अस्तर शिवलेलं होतं. आम्ही आठ-नऊ जणी चारी बाजूंनी बसलो आणि अस्तराचे टाके एकेक करून कापत गेलो. मधूनच कात्रीचा आवाज, मधूनच सिस्टरची शिंक.

मग मेट्रनने दोन टोकं धरायला सांगितली आणि अस्तर मागे सारलं.

आई, झाडं हिरवी होती.

निळी नव्हतीच ती कधी. पाठीमागे, जिथे कधी उजेड पोचला नाही, तिथे ती आहेत तशी आहेत. पोपटी, गर्द, शेवाळी, उन्हातली, सावलीतली. नदीकाठचं गवत तर असं की आत्ता कुणी त्यावरून चालत गेलं असावं. हरणाचं अंग सोनेरी. पुढून ते राखाडी दिसतं, मला वाटलं होतं म्हातारं हरीण आहे. अंगावर काटा आला. माझ्या शेजारची बाई, घरी दोन नातवंडं असलेली, तोंडावर हात ठेवून उभी होती. मेट्रन हे आधी कितीदा तरी पाहून चुकली असणार, पण तीही वाकून बघत राहिली. मग म्हणाली, ‘दर वेळी असंच होतं.’

तिने सांगितलं ते असं. त्या काळी हिरवा असा रंग नव्हता. धागा आधी पिवळ्यात बुडवायचा, मग निळ्यात. निळा चिवट, टिकतो. पिवळा उजेडात उडून जातो. शेकडो वर्षं उजेड पडून पडून पिवळा निघून गेला आणि झाडं निळी उरली. मी गेल्या वर्षी ज्याच्यासमोर फरशीवर बसले, तो निळा कुणी मुद्दाम योजलेला नव्हता. काळाने केलेला होता. तरीही तो सुंदर होता, ही मला जास्त नवलाची गोष्ट वाटते.

मी सारखी मान वळवत होते, तुम्ही बाजूला असल्यासारखी.


२३ एप्रिल

आई,

तुमची चिठ्ठी!

वन्संनी फोटो काढून फोनवर पाठवला. मी कामावर होते, सिस्टरना ओढत जिन्यात नेलं आणि दाखवला. मजकूर एवढाच:

‘पिवळा कशाचा होता?’

मायना नाही, सही नाही. सिस्टर म्हणाल्या, ‘एवढंच? काय हो, दोन वर्षांनी?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला कळणार नाही, हे भरपूर आहे.’

तर ऐका. एक रानरोप आहे, उंच, काटकुळं, रस्त्याच्या कडेला उगवणारं. बघून कुणी वळूनही पाहणार नाही. त्याचा पाला-फुलं सगळं उकळतात, तुरटीत भिजवलेली लोकर त्यात टाकतात. मेट्रनने मला करून दाखवलं. पातेल्यातून लोकर वर काढली तेव्हा तो पिवळा इतका झगझगीत होता की खोलीत दिवा लागल्यासारखं वाटलं. मग तीच लोकर निळीच्या पाण्यात. बाहेर काढली की आधी पिवळट, आणि हवा लागली की डोळ्यांदेखत हिरवी होत जाते. आई, तुम्ही हे बघायला हवं होतं. मी लहान पोरीसारखी टाळ्या वाजवल्या.

हे पत्र मी आधी फोटो काढून वन्संना पाठवतेय, म्हणजे त्या आजच देतील. कागद टपालाने मागून येईल.


२९ एप्रिल

आई,

दुसरी चिठ्ठी मिळाली. ‘ओलं झाल्यावर उचलतात कसं? स्वतःच्या वजनाने फाटत नाही?’

उचलतच नाहीत. तेच तर. मोठं उथळ टाकं आहे, पोहायला येईल एवढं. त्यात जाळीवर कापड अंथरलेलं. पाणी खालून, मुंगीच्या पावलांनी वर येतं. काल ते धुतलं. टाक्यावर आडव्या फळ्या टाकल्या होत्या, आम्ही त्यांवर पालथ्या पडून मऊ स्पंजाने नुसतं दाबत होतो. घासायचं नाही, दाबायचं, सोडायचं. पाण्याचा रंग आधी चहासारखा झाला. पिढ्यांची धूळ, मेणबत्त्यांची काजळी, कुणाकुणाचे श्वास. पाणी सोडलं, नवं भरलं, परत चहा. असं दिवसभर. आणि संध्याकाळी पाणी नितळ राहिलं. त्या नितळ पाण्याखाली सगळं अरण्य, नदीसकट, जरासं हलत होतं. फळीवर पालथी पडून मी खाली पाहत होते आणि क्षणभर वाटलं, मी त्याच्यावरून उडत चालले आहे.

सिस्टर काठावरून ओरडल्या, ‘झोप लागली का?’

आई, एक विचारते. तुमचं अक्षर एवढं मोठं का झालंय? आणि ओळ उजवीकडे घसरत का गेलीय? तुमची शिवण आणि तुमची ओळ कधी वाकडी गेलेली मी पाहिली नाही.


३ मे

आई,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणून मी वन्संना फोन केला. त्या आधी आडवळणं घेत राहिल्या, मग रडायलाच लागल्या.

मधोमध डाग पडलाय म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, समोरचं पुसून जातं. डॉक्टर म्हणाले की कडा राहतील, मधलं परत येणार नाही. वर्ष झालं. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून तुम्ही टेबलावर चादर टाकून ठेवलीत. माझी पत्रं त्याच वाचून दाखवतात, आणि तुम्ही ‘झाडं हिरवी होती’ तिथे त्यांना थांबवून पुन्हा वाचायला लावलंत.

म्हणजे ती पत्रं टेबलावर नव्हती पडलेली. वाचली जात होती.

मी तुम्हाला काय सांगत बसले! पातेल्यातून लोकर वर काढली, ती डोळ्यांदेखत हिरवी झाली. डोळ्यांदेखत, हेच लिहिलं मी. तुम्ही एकदाही कळू दिलं नाहीत.

आता माझं ऐका. पुढच्या वसंतात हे अरण्य परत भिंतीवर चढवणार आहेत. फाटलेल्या जागी पाठीमागून आधार शिवायला अजून वर्ष लागेल, आणि मी सुट्ट्यांमध्ये येऊन शिवणार आहे, मेट्रनने मला ठेवून घेतलंय. चढवतील तेव्हा तुम्ही इथे असायला हव्यात. जेवढं दिसतंय तेवढ्यात. मी तिकडे येऊन तुम्हाला घेऊन येईन. पासपोर्ट काढा.


१८ फेब्रुवारी, पुढचं वर्ष, घरून

आई,

काल तुमच्या मुलाचा फोन आला. इतक्या महिन्यांनी आवाज ऐकला, तर तो तसाच, आधी खोकून मग बोलणारा.

‘आईने पासपोर्ट काढलाय,’ तो म्हणाला.

‘माहीत आहे.’

‘तिला पायरी दिसत नाही. परक्या देशात ठेच लागली, पडली, तर?’

‘मी आहे ना बरोबर.’

तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘पण तू आता तिची कोण आहेस?’

भांडायला म्हणून नाही हो विचारलं त्याने. त्याला खरंच काळजी आहे. विमानतळावर, दवाखान्यात, कुठेही हाच प्रश्न येणार. मी फोन ठेवला आणि तिकिटं काढून बघत बसले. तुम्हाला लपवून काय करू, म्हणून लिहिलं. आता तुम्हाला नको वाटलं तर मी समजू शकते. तिकीट रद्द करता येतं.


२५ फेब्रुवारी

आई,

चिठ्ठी मिळाली. भिंतीवर लावली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

‘पासपोर्टवरचा फोटो चोरासारखा आलाय. तिकीट रद्द करू नकोस. खिडकीची जागा घे, कडेचं मला दिसतं.’


६ मे, बंदराच्या गावातून

(हे पत्र आईंचं आहे, त्यांच्या मुलाला. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. एक शब्दही गाळायचा नाही अशी ताकीद आहे.)

अरे पोरा,

ऐक. मी सांगतेय आणि ही लिहितेय. ही म्हणजे कोण ते अक्षरावरून ओळखशीलच. तुला अवघडल्यासारखं होईल. होऊ दे, हिलाही होतंय, पेन सारखं थांबतंय.

पहिलं म्हणजे, तू म्हणाला होतास ठेच लागेल. लागली. हॉटेलच्या उंबरठ्याला, पहिल्याच दिवशी. नर्सबाई बरोबर आहेत, त्यांनी अंगठ्याला एवढी मोठी पट्टी बांधली की मला चपलेत पाय घालता येईना. तुझं समाधान झालं असेल. आता पुढचं ऐक.

तू हिला विचारलंस, तू तिची कोण. प्रश्न बरोबर आहे, फक्त चुकीच्या माणसाला विचारलास. मला विचारायचं होतंस. ही घर सोडून गेली तेव्हा मी तुझ्यावर चिडले नाही, हिच्यावर चिडले. सगळ्यांना वाटलं, मुलाची बाजू घेतली. बाजू कसली घेतेय. तू माझा मुलगा, भांडलास तरी जाऊन जाणार कुठे? ही मात्र जाऊ शकत होती. लग्न तुमचं होतं, तुम्ही मोडलंत, पण रोज सकाळी त्या टेबलाशी माझ्यासमोर बसायची ती ही. तिला ‘थांब’ म्हणायला माझ्या हातात कुठलंच नातं उरलं नव्हतं. म्हणून मी कात्री मागितली. वाटलं, कात्रीसाठी तरी भांडेल, परत येईल. ही शहाणी, मुकाट्याने ठेवून गेली.

थांबलीस का? लिही.

तर माझी कोण, ते मला सांगता येत नाही. इथल्या त्या उंच बाईंनीही विचारलं. मी म्हटलं, ‘माझी आहे.’ हिने ते त्यांना इंग्रजीत करून सांगितलं. बराच वेळ लागला हिला तेवढं सांगायला.

परवा मला कामाच्या खोलीत नेलं. कापड अजून टेबलावर पालथं होतं. त्या बाईंनी माझे हात स्वतः धुतले, बोटाबोटांमधून पुसले, पोरांचे पुसतात तसे, आणि तळवे कापडाच्या पाठीवर टेकवले. मी म्हटलं, बघू दे मला आता, आणि डोळे मिटूनच घेतले. अरे, काय सांगू तुला. शेकडो वर्षांपूर्वीचे हात लागत होते रे मला. एका जागी धागे कसे घट्ट, दाबून बसवलेले, तिथे बसणारा तरुण असणार, अंगात जोर असलेला. वीतभर पुढे गेलं की ताण सैल, जरा दमलेला. मधेच कुणीतरी बदललंय. कुणी चिडून विणलंय, कुणी गाणं म्हणत असावं. नावं कुणाचीच कुणाला माहीत नाहीत. सगळे माझ्या तळहाताखाली बसून काम करत होते.

ही म्हणाली, ‘आई, ह्यात माझेही टाके आहेत. ओळखा.’ मी शोधले. सगळी पाठ चाचपली. हिचा हात मी झोपेतही ओळखेन, तुला माहीत आहे, पण नाही सापडले. एकही नाही. तेव्हा मी मानलं हिला. एवढ्या जुन्या लोकांच्या पंगतीत जाऊन बसली आणि आपण आल्याचं कुणाला कळूही दिलं नाही. असं मी हिच्यासमोर कधी म्हटलं नसतं, पण आता पत्र सांगायचंय तर इलाज नाही.

आज ते चढवलं.

मोठं दालन. लोक भिंतीला चिकटून उभे, आम्हाला पुढे खुर्च्या दिल्या होत्या. कापड एका लांबच लांब नळकांड्यावर गुंडाळून आणलं, खांद्यावरून, जपून, तान्ह्या बाळासारखं. वरची कड दांड्याला लावली आणि दोन्हीकडून दोर हळूहळू ओढायला लागले. कुणी खोकलंसुद्धा नाही. नर्सबाईदेखील गप्प होत्या, यावरून समज.

माझी गंमत तुला कळली पाहिजे. मी ज्याच्याकडे बघते तेच पुसून जातं. त्याच्या आजूबाजूचं सगळं दिसतं. म्हणजे समोर बघितलं तर अरण्य गेलंच. मग मी काय केलं, खुर्चीतच वळले आणि तोंड हिच्याकडे केलं. ही माझ्या डावीकडे बसली होती. आणि डोळ्याच्या कडेला ते उगवायला लागलं. आधी आभाळ वर गेलं. मग झाडांचे शेंडे. मग खोडं, एकामागून एक, एकामागून एक, संपेचनात. निळी रे सगळी. हिने लिहिलं होतं तशीच निळी. मागची हिरवी मी हातांनी पाहिली होती, ती त्या निळ्याच्या आत आहेत हे मला ठाऊक होतं. मग हरीण वर आलं. मग नदी. वाटलं, आता आपले पाय भिजणार. मी आयुष्यभर कापडात राहिले, पण कापड एवढं मोठं असू शकतं, हे मला आज, या वयात कळलं. मी हात जोडले. कुणाला जोडले, मला माहीत नाही.

ही मात्र मला कोपराने ढोसतेय. ‘आई, तिकडे बघा ना! माझ्याकडे काय बघताय, तिकडे!’

मी म्हटलं, ‘तेच बघतेय. तू हलू नकोस.’

शेवटी दोर थांबले. खालची कड जमिनीपासून हातभर वर टांगलेली राहिली, जराशी झुलत. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्या उंच बाई नुसत्या उभ्या होत्या, हात अंगालगत सोडून.

मग मला हिचा चेहरा बघावासा वाटला. किती दिवसांत पाहिला नव्हता. म्हणून मी तोंड अरण्याकडे फिरवलं. हिला वाटलं, आता आई झाडं बघतेय. ही ढसाढसा रडत होती, नाक लाल, पुसायचंही भान नव्हतं, आणि हिला खात्री होती की मला दिसत नाहीये.

लिही. हेही लिही.